जयपूरचे गुरुजी : अर्जुनलाल सेठी

आपल्या सोडाल्यावरून जाणारा हमरस्ता पुढे अजमेरला पोहोचतो. ज्या जयपूरकर शिक्षकाने आयुष्याची अखेरची वर्षे त्या अजमेरात कंठली, त्याचे ऋण येथील मराठी मंडळींनी या सुवर्णमहोत्सवी वर्षी तरी स्मरावे.

पंडित अर्जुनलाल सेठी यांचा जन्म १८८० चा. पदवीधर होऊनही संस्थानी नोकरीकडे पाठ फिरवून त्यांनी जयपुरात वर्धमान विद्यालय चालविले. धर्मशिक्षणाच्या जोडीने तेथे देशभक्तीचेही धडे मिळत. सोलापूर जिल्ह्यातील मोतीचंद व देवचंद शहा हे दोघे तरुण त्यांच्यापाशी शिकले. १९१३ साली बिहारातील निमेज येथे क्रांतिकार्यासाठी पैसा मिळविण्याच्या प्रयत्नात एका महंताची हत्या झाली आणि त्या खटल्यात मोतीचंद फासावर गेला. महंताचाही जीव गेला, हे नजरेआड करून चालणार नाही. सेठींवर मात्र खटलाच चालला नाही. इंदुरात पकडून त्यांना प्रथम जयपुरात व नंतर दूर वेल्लोरला डांबण्यात आले. जिनमूर्तीच्या दर्शनावाचून अन्न घ्यावयाचे नाही, या नेमापायी त्यांनी तुरुंगात प्रदीर्घ उपोषण केले. सुटका झाली ती १९२० साली. १९४१ मध्ये अजमेरात ते निवर्तले.

गुरू बंदिवासात असतानाच, १९१८ साली, देवचंदांनी वऱ्हाडातील कारंजा येथे गुरुकुल उघडले. पुढे आचार्य समंतभद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या या शिष्याने १९३४ मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथेही मुलांसाठी आश्रम उभारला.