गुण, पर्सेंटाइल आणि जागा : चांद्याच्या वाटेवरचा एक आकडा

#थ्रेड

१/
नीट आणि सीईटीचे निकाल बहुधा जून महिन्यात लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांत त्या दिवशी एकच प्रश्न असतो : किती पडले? पण प्रवेशपरीक्षेचा आकडा आपला अर्थ स्वतः सांगत नाही. तो त्या त्या काळातील नियम आणि उपलब्ध जागा ठरवतात. त्या अर्थाचा हा इतिहास.

२/
१८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. कलकत्त्याच्या प्रवेशपरीक्षेचे नावच 'एंट्रन्स', मुंबईची 'मॅट्रिक्युलेशन'. १८५९ साली मुंबईच्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले. प्रश्न मुख्यतः उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढाच होता. उत्तीर्ण झालेल्यास विद्यापीठाचे दार खुले होई.

३/
१८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर चांदाही इंग्रजी अमलाखाली आला. पुढे तो मध्य प्रांताचा जिल्हा झाला. या प्रांताची महाविद्यालये आधी कलकत्ता, मग अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले ते १९२३ साली. म्हणजे चांद्याच्या मुलाचे विद्यापीठ दीर्घकाळ परप्रांतात होते.

४/
स्वातंत्र्यानंतर इच्छुक वाढले, जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. केवळ उत्तीर्ण होणे पुरेनासे झाले आणि गुणवत्ता यादी आली. यादीत प्रश्न बदलतो : 'किती मिळाले?' ऐवजी 'आपल्या पुढे किती जण आहेत?'

५/
२०१९ पासून राज्याची एमएचटी-सीईटी संगणकावर, अनेक सत्रांत होऊ लागली. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, काठिण्य वेगळे. म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल आले. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रातील १०० पैकी ९० परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

६/
नीटमध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता ५० पर्सेंटाइल, तर अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ४० पर्सेंटाइल अशी रूढ आहे. परंतु पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे. पात्र ठरलेल्यांची संख्या जागांच्या कितीतरी पट असते. आकड्याचा उरलेला अर्थ जागांमध्ये दडलेला असतो.

७/
या जागा जंगलपट्ट्यात फार उशिरा आल्या. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये, तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ मध्ये सुरू झाले. दोन्ही जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आले.

८/
वैद्यकीय प्रवेशात पूर्वी ७०:३० सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र अशा तीन विभागांत प्रत्येकी ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरासाठी. त्यामुळे एकाच गुणाला दोन विभागांत दोन भिन्न भविष्ये असू शकत.

९/
सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. एका राज्यात एकच गुणवत्ता यादी असावी, हा युक्तिवाद. तो न्याय्य वाटतो. पण चंद्रपूरला वैद्यकीय महाविद्यालय मिळून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. आता तेथील जागेसाठी सिरोंच्याच्या मुलीची स्पर्धा लातूर-पुण्याच्या शिकवणी वर्गांशीही होती.

१०/
२०२४ मध्ये नीटचा निकाल १४ जूनऐवजी ४ जूनला, लोकसभा मतमोजणीच्याच दिवशी लागला. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या आरोपांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या आदेशाने केंद्रनिहाय गुण जाहीर झाले. आकड्यावरचा विश्वासच पणाला लागला होता. त्याच वर्षी गडचिरोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

११/
निकालानंतर प्रवेशफेऱ्या सुरू होतात, त्या ऐन पावसाळ्यात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. कागदपत्रे घेऊन मुदतीत महाविद्यालय गाठणे हीच दुसरी परीक्षा ठरते. तिचे गुण कोणत्याही निकालपत्रावर छापले जात नाहीत.

१२/
१८५९ मध्ये आकडा दार उघडत असे. आज तो केवळ रांगेतली जागा दाखवतो. रांग कुठून सुरू होते, दारे किती आणि ती घरापासून किती दूर, हे समजल्याशिवाय निकाल वाचून होत नाही.