चाकांतील पहारेकरी

१८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. परंतु हवा कमी झाल्यास चालकास तें कळावें कसें, हा प्रश्न शतकभर उरला. कमी हवेचा टायर तापतो व फुटूंहि शकतो. २००० सालीं अमेरिकेंत फायरस्टोन टायरांचे थर सुटून फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटल्याचें प्रकरण गाजलें. दोनशेंहून अधिक मृत्यूंशीं त्याचा संबंध जोडला गेला. त्याच वर्षीं कायदा झाला. सप्टेंबर २००७ पासून तेथील नव्या मोटारींत व हलक्या पिकअप ट्रकांत, दाब पाव हिश्शानें घटल्यास इशाऱ्याचा दिवा लागणें सक्तीचें झालें. बहुतेक गाड्यांत प्रत्येक चाकांतील यंत्र स्वतःच्या क्रमांकासह बिनतारी संदेश धाडतें. म्हणूनच नव्या यंत्रांसह नवीं चाकें बसविल्यावर गाडीस त्या क्रमांकांची ओळख करून द्यावी लागते; एरव्हीं पहारेकरी हांक मारतो, पण ती ओळखणारा कोणी नसतो.