यंत्राचा ताप

यंदाच्या वैशाखात आमच्या संघटनेच्या एका जुन्या सभासदाकडे जाणे झाले. घर शिवाजी पार्कच्या पश्चिम अंगाला, समुद्राकडे तोंड असलेल्या एका जुन्या इमारतीत. १९२५ साली महापालिकेने हे मैदान मोकळे केले, १९२७ पर्यंत ते माहीम पार्क म्हणून ओळखले जाई, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्याच्या कडेने ज्या इमारती उठल्या त्या बांधणाऱ्यांनी वाऱ्याचा विचार आधी केला होता. समोरासमोर खिडक्या, रुंद सज्जे, उंच छत. त्या घरात एकाच खोलीच्या खिडक्या बंद होत्या आणि आत वातानुकूल यंत्र घुमत होते. खोली मुलाची होती. आजारी कोणी नव्हते. थंडावा चालला होता तो टेबलावरच्या संगणकासाठी.

संगणकाच्या पेटीची एक बाजू काचेची. आतून रंगीत उजेड, आणि दोन जाड नळ्या एका तांब्याच्या ठोकळ्यापासून निघून वरच्या जाळीकडे गेलेल्या. मी विचारले, ‘‘हे काय रे?’’ तो म्हणाला, ‘‘काका, पाण्याने थंड करतो मी याला. कंपनीने जो वेग नेमून दिलाय त्यापेक्षा जास्त वेगाने चालवतो ना, म्हणून तापतो.’’

नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त! चाळीस वर्षे ज्यांच्या घरात आणि ज्यांच्या सभेत हाच एक शब्दप्रयोग ऐकला, त्या माणसाला ही गोष्ट तशीच सोडून उठवेना. मी शाळा नववीत सोडली, पुढचे शिक्षण ग्रंथालयात आणि कामगारांच्या बैठकीत झाले. तेव्हा विज्ञानाच्या पदवीधरांनी हा निबंध जरा सैल हाताने वाचावा.

प्रथम तापाचे कारण पाहू. प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर मांडलेल्या अब्जावधी सूक्ष्म कळांची गर्दी. एका घड्याळाच्या ठोक्यावर या कळा उघडतात, मिटतात. प्रत्येक उघडझापेला थोडी वीज खर्च होते आणि ती सगळी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ठोके वाढविले तर उष्णता त्याच प्रमाणात वाढते. पण एवढ्यावर भागत नाही. ठोके वाढले की कळांना वेळेत उघडता येत नाही, म्हणून विजेचा दाबही वाढवावा लागतो. आणि दाबाचा हिशेब वर्गाने लागतो. वेग शेकडा २० वाढवला आणि त्यासाठी दाब शेकडा १० चढवावा लागला, तर उष्णता २० ने नव्हे, सुमारे ४५ ने वाढते. जादा काम थोडे आणि जादा ताप दुपटीहून अधिक, असा हा सौदा आहे.

आजचा वरच्या दर्जाचा घरगुती प्रोसेसर जोरात चालला की अडीचशे वॅट वीज खातो. आकडा मोठा वाटत नाही. आपली इस्त्री हजार वॅटची असते. परंतु इस्त्रीचा तवा दोनशे चौरस सेंटिमीटरचा, आणि ही चकती अडीच चौरस सेंटिमीटरची. तेव्हा तितक्याच जागेमागे ही चकती इस्त्रीच्या वीसपट उष्णता ओकते, आणि तिला शंभर अंशांच्या खाली ठेवावयाचे असते. म्हणून तिच्यावर तांब्याचा ठोकळा घट्ट बसवितात, मधल्या बारीक फटीत हवा राहू नये म्हणून उष्णता वाहणारे मलम लावतात, ठोकळ्यातून पाणी फिरवून ते जाळीत नेतात आणि जाळीवर पंखे लावतात. मोटारीच्या रेडिएटरची जी रीत तीच ही.

आता मुंबईचा इतिहास. हवा ‘कंडिशन’ करणे हा शब्दप्रयोग कोठून आला हे फारसे कोणाला माहीत नसते. तो माणसाच्या सुखासाठी जन्मला नाही. १९०६ साली अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातील स्टुअर्ट क्रेमर नावाच्या कापडगिरण्यांच्या इंजिनियराने तो प्रथम वापरला. सूत तुटू नये म्हणून त्यास ओलावा देण्याला गिरणीत ‘कंडिशनिंग’ म्हणत. त्याने तोच शब्द हवेला लावला. म्हणजे वातानुकूलनाचा पहिला लाभार्थी सुताचा धागा होय.

मुंबईत दावरांची पहिली गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली, आणि येथील दमट हवा सुताला मानवते अशी तिची कीर्ती झाली. तरी साचेखात्यात ती पुरत नसे. धाग्याला शेकडा ७५-८० ओलावा हवा, म्हणून खिडक्या बंद ठेवून वर पाण्याचे तुषार सोडीत. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. पाळी सुटून घरी आले की आई त्यांचा सदरा दोरीवर टाकण्यापूर्वी पिळीत असे. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखाच. घाम सुकत नाही तेथे अंग थंड होत नाही, हे शरीरशास्त्र मला पुस्तकात फार उशिरा भेटले. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १३ हवा आणि तापमानासाठी होते, कलम १५ कृत्रिम दमटपणावर. कायदा होता; खात्यातली खिडकी मात्र धाग्याच्या सोयीने उघडे.

आणि वेग? १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईचे दीड लाखांच्या घरातले गिरणी कामगार संपावर होते, तो संप ज्या प्रश्नांवर पेटला त्यांत मालकांची ‘कार्यक्षमता’ योजना प्रमुख होती. विणकाराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, त्रासनखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. माणूस तोच, ठोके जास्त. त्या मुलाच्या टेबलावर जे चालले होते त्याला इंग्रजीत ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आमच्या वडिलधाऱ्यांना त्याची ओळख इंग्रजी नावाशिवाय पुरती झालेली होती.

गणकयंत्र मुंबईत आले, किंबहुना मुंबईत घडले, ते या गिरण्या भरात असताना. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत र. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी १९५६ साली प्रायोगिक यंत्र चालविले आणि १९६० साली पूर्ण यंत्र कामास लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीत तापून लाल होणारा तंतू; एका तंतूला दोन-तीन वॅट धरले तरी पाच ते आठ हजार वॅट केवळ तंतू तापविण्यात जात. कुलाब्याच्या दमट हवेत ही शेगडी अहोरात्र थंड ठेवावयाची म्हणजे काय, याची कल्पना करावी. अमेरिकेतल्या १९४६ च्या एनिॲकमध्ये तर सुमारे १८ हजार नळ्या होत्या आणि त्यांना वारा घालण्यास मोठाले पंखे बसविले होते. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हे ट्रान्झिस्टरचे यंत्र आले. नळ्या गेल्या, थंड खोली राहिली.

याच दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येणार म्हणून कर्मचारी संघटना उभ्या राहिल्या. कलकत्त्याच्या इलाको हाऊसवर कर्मचाऱ्यांनी पहारा ठेवला, तो कामगार चळवळीत प्रसिद्ध आहे. बँकांत १९८३ साली यांत्रिकीकरणावर करार झाला. या सर्व वादात आमच्या बाजूने प्रश्न नोकऱ्यांचा मांडला गेला, आणि तो खरा होता. परंतु यंत्रासाठी जी थंड खोली बांधली जात होती तिच्याकडे आम्हा संघटनावाल्यांचे लक्ष गेले नाही, ही आमची चूक मी कबूल करतो. त्या खोल्या ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवेल, दाराबाहेर चपलांची रांग असे. आपण देवळात काढतो तशाच काढीत, आणि आत कुजबुजीच्या आवाजात बोलत.

माझे लक्ष गेले ते असे. १९९० नंतरची गोष्ट. फोर्टातल्या एका खाजगी कचेरीत आमची संघटना नुकतीच झाली होती. मे महिन्यात तळघरातल्या पॅकिंग विभागात एक माणूस भोवळ येऊन पडला. पंख्याची मागणी आम्ही त्याआधीच लेखी दिलेली होती. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या संगणकाच्या खोलीतले वातानुकूल यंत्र बिघडले. दोन तासांत कारागीर हजर. मी व्यवस्थापकांना विचारले की हा भेद का. गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांनी सरळ उत्तर दिले, ‘‘अहो, तो तापला की बंद पडतो.’’ पुढे आठ महिन्यांनी तळघरात दोन पंखे आणि एक हवा बाहेर फेकणारा झोत बसला. त्यासाठी एक दिवस बंद पडून दाखवावे लागले.

इकडे संगणक घरात शिरला. जुन्या यंत्रांतील प्रोसेसरला पंखा ठाऊक नव्हता. १९९३ चा पेंटियम सुमारे १५ वॅट खाऊ लागला तेव्हा त्याच्या डोक्यावर चिमुकला पंखा आला. १९९८ साली सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर निघाला. घड्याळाचा पायाभूत वेग ६६ चा १०० केला की तो ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर निमूट चाले, तोही साध्या पंख्यावर! महागडे यंत्र न परवडणाऱ्या मुलांना तो वर वाटला. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सुटे भाग आणून घरी जोडणी करणाऱ्यांची मुंबईत एक पिढीच झाली. त्यांच्या खटपटीला मी नाव ठेवणार नाही. आपल्या हाताने यंत्र उघडून पाहण्यात एक स्वातंत्र्य आहे.

पण तापाने लवकरच सर्वांना गाठले. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखविले होते की कळा लहान केल्या की दाबही उतरविता येतो, म्हणून तेवढ्या जागेतली उष्णता वाढत नाही. तीस वर्षे हा नियम कामी आला. मग कळा इतक्या लहान झाल्या की मिटलेल्या असतानाही वीज गळू लागली आणि दाब उतरेना. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडला. एका प्रोसेसरला अधिक पळविण्यापेक्षा एका चकतीवर दोन, चार, आठ गाभे बसविण्याची वाट सर्वांनी धरली. विक्रमाचे वेडे अर्थातच थांबले नाहीत. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणि त्याहून थंड द्रव हेलियम ओतून त्यांनी २०२२ मध्ये ९ गिगाहर्ट्झ ओलांडले. ते काही मिनिटांचे काम; त्यावर कोणी हिशेब लिहीत नाही.

आमच्या मित्राच्या मुलाला हे नायट्रोजन का चालणार नाही याचे उत्तर पुन्हा मुंबईच्या हवेतच आहे. पाण्याची जाळी कितीही मोठी घेतली तरी ती खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. मेमध्ये खोली ३३ अंश, तर पाणी त्याच्या वरच. बर्फाने वा शीतयंत्राने खाली उतरावे, तर जून-जुलैत येथील दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याखाली गेलेल्या प्रत्येक धातूवर पाणी साचते, थंड तांब्याभोवती साचते तसे. जो ओलावा साचेखात्यात विकत आणावा लागे तो येथे सर्किटवर उतरून त्याचा घात करतो. शिवाय समुद्राचे मीठ. पंख्यांच्या पात्यांवर बसलेला चिकट थर त्याने मला बोट फिरवून दाखविला.

मोठ्या यंत्रांनी पाणी केव्हाच स्वीकारले आहे. अमेरिकेने क्रे नाकारल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा राहिला, ही कथा मराठी वाचकास ठाऊक आहे. २०१९ साली पुण्याच्या आयसरमध्ये जो परम ब्रह्म बसविला, त्यात प्रोसेसरला थेट लागून द्रव फिरविण्याची योजना होती.

एक गोष्ट मी त्या मुलाला मुद्दाम विचारली. पाणी थांबले तर? त्याने हसत पंप बंद केला. पडद्यावरचा आकडा शंभरापर्यंत चढला आणि ठोके आपोआप घसरू लागले. २००० सालच्या पेंटियम ४ पासून ही सोय आत बसविलेली आहे. २००१ मध्ये एका जाहीर चाचणीत चालू प्रोसेसरवरचा ठोकळा उचलला, तेव्हा पेंटियम ४ मंद होऊन वाचला. एएमडीचा ॲथलॉन, ज्यात तशी सोय नव्हती, धूर सोडून मेला. त्यानंतर सर्वांनीच ती बसविली. तापमान सोसवेनासे झाले की प्रोसेसर कोणाची परवानगी मागत नाही. १९२८ च्या कमिटीपुढे आमच्या लोकांना सहा महिन्यांची उपासमार सोसून जे मांडावे लागले ते या चकतीला कारखान्यातूनच मिळते.

मी जाण्यास उठलो तेव्हा तो काही आकडे बदलीत होता. दाब थोडा उतरवला, वेग कंपनीने नेमलेल्या ठिकाणी आणला. अंश पंधराने खाली आले. चित्रे पहिल्यासारखीच हलत होती. ‘‘पावसाळ्यापर्यंत असंच ठेवतो, काका,’’ तो म्हणाला, आणि वातानुकूल यंत्र बंद करून त्याने पश्चिमेची खिडकी उघडली.