खिशातली नोंदवही

वर्गाची हजेरी मी आता मोबाइलवर भरतो. ही सोय सहज आलेली नाही. २००३ साली मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत लिहिलेला प्रोग्राम संगणकावरून पॉकेट पीसीवर पाठवताना ‘एसक्यूएल सर्व्हर सीई’ हा डेटाबेसही तिथे बसवावा लागे, तोही त्या यंत्राच्या प्रोसेसरला जुळणारा. एवढे करूनही नोंदी सहसा बॅटरीच्या जिवावर टिकणाऱ्या मेमरीत राहत. बॅटरी पूर्ण उतरली की डेटाबेस आणि नोंदी, दोन्ही गेले! २००५ च्या विंडोज मोबाइल ५ ने ही भीती घालवली. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिलेले एसक्यूलाइट पुढे सर्वांसाठी मोफत खुले झाले; अँड्रॉइडमध्ये ते आधीच बसवलेले असते. इतिहास फक्त राजांचा नसतो. आपल्या नोंदी जपणाऱ्या अशा माणसांचे ऋणही मुलांना शिकवायला हवे.