सेवाग्रामचे लग्न आणि कायद्याचा दंड

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेपासून काही किलोमीटरवरच्या सेवाग्रामात 13 मार्च 1948 रोजी, गांधीहत्येला दीड महिनाही झाला नव्हता तेव्हा, आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातले अर्जुनराव यांचे लग्न लागले. एक पक्ष हरिजन असल्याखेरीज लग्नाला आशीर्वाद द्यायचा नाही, हा गांधीजींचा अखेरच्या वर्षांतला नेम. या लग्नात तर शपथेतल्या ईश्वराच्या जागी सत्य म्हणायलाही ते राजी झाले होते. याहून मोठी समाजमान्यता त्या काळी कोणाला मिळणार होती? तरीही गोरा जन्माने ब्राह्मण असल्याने शास्त्राच्या भाषेत हा प्रतिलोम, म्हणजे वधू वरच्या वर्णाची असलेला, विवाह ठरे, आणि असा विवाह नुसत्या धार्मिक विधीच्या बळावर हिंदू कायद्यापुढे टिकत नसे. जातीबाहेरच्या हिंदू लग्नांना पूर्वलक्षी मान्यता देणारा कायदा 1949 साली झाला.

नोंदणी विवाहाची वाट होती, पण फुकट नव्हती. 1872 च्या कायद्याने वधूवरांकडून आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणताच धर्म मानत नाही असे लिहून घेतले जाई. 1923 मध्ये विधिमंडळाचे सदस्य हरिसिंग गौर यांनी हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती ही अट काढायला लावली. गौर मध्य प्रांताचे, म्हणजे तेव्हाच्या वर्ध्याच्याच प्रांताचे. विदर्भात त्यांची आठवण या कामासाठी क्वचितच निघते. सुधारित कायद्याची कलमे मात्र बोलकी आहेत. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त होई, त्याला दत्तक घेता येत नसे, आणि तो एकुलता एक मुलगा असेल तर त्याच्या बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा मिळे. पोटचा मुलगा जिवंत असताना! जोडप्याला मान्यता देतानाच कायदा घराण्याची समजूत काढत होता, आणि समजूत काढण्याचा खर्च जोडप्यावर टाकत होता.

समाजाच्या पुढे धावून कायदा काय साधणार, असे विचारले जाते. पण सेवाग्रामला लग्न आधी लागले, कायदा वर्षभराने आला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: 1954 च्या विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस फसवणूक आणि द्विभार्या रोखते. हे खरे असेल, तर ती सगळ्यांनाच हवी. पिपरी मेघेत धार्मिक विधीने लग्न झालेले जोडपे नमुना 'ड' भरून, तीन साक्षीदार उभे करून नोंदणी करते, आणि लग्नाआधी महिनाभर त्यांची नावे कोणी फलकावर लावत नाही. द्विभार्येचा धोका तिथे कमी आहे थोडाच! नोटिशीचा काच बसतो तो घरच्यांच्या मनाविरुद्ध निघालेल्यांना. समलिंगी जोडप्यांना तर ही नोटिशीची वाटही मोकळी नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. विवाहाखेरीज निराळ्या कायदेशीर सहजीवनाच्या हक्काच्या बाजूने सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल असे दोघेच उभे राहिले. उरलेल्या तिघांनी ते काम विधिमंडळाचे म्हणून सोडून दिले. गौर यांचे काम तरी विधिमंडळातच झाले होते, तेही असे अर्धे.