इसबाचं बिनस्टिरॉइड मलम आणि खोक्यातला तो कागद

तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला इसबासाठी, म्हणजे एक्झिमासाठी, टॅक्रोलिमसचं मलम लिहून दिलं असेल, तर खोक्यातला घडीचा कागद तुम्ही उघडून पाहिला असेल. त्यात कर्करोगाचा उल्लेख असतो. तो वाचून ट्यूब कपाटात ठेवून देणारे आईवडील मला नेहमी भेटतात.

मागे अशाच एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. पापण्यांवर इसब. मी दिलेलं मलम त्यांनी लावलंच नव्हतं. त्याऐवजी शेजारणीने सुचवलेली, तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब त्या दोन महिने लावत होत्या. तिच्यात चांगलं जोरदार स्टिरॉइड होतं. (2018 पासून आपल्याकडे बऱ्याच स्टिरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी लागते. म्हणजे कायद्याने लागते.) बाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता. तो इशारा त्या कागदावर कुठून आला, हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. ते आज सांगतो.

स्टिरॉइडपासून सुरुवात करू. 1952 साली न्यूयॉर्कच्या सुल्झबर्गर आणि विटेन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन नुसतं त्वचेवर लावूनही इसब शमतो हे दाखवलं. त्याआधी डांबराची मलमं आणि ओल्या पट्ट्या यांवरच मदार होती. पुढे कितीतरी पट तीव्र स्टिरॉइडं आली आणि त्यांच्यासोबत त्यांचे दुष्परिणामही: पातळ झालेली कातडी, उमटलेल्या शिरा, काखेत-जांघेत कायमचे चट्टे. पापण्यांवर फार दिवस लावलं तर डोळ्यातला दाबसुद्धा वाढू शकतो. योग्य जागी, योग्य दिवस वापरलेलं स्टिरॉइड आजही उत्तम औषध आहे, हे मात्र लक्षात ठेवा. अडचण होती ती चेहरा, पापण्या आणि मान यांची, आणि पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या आजाराची.

त्यावरचा उपाय त्वचारोगाच्या दवाखान्यात सापडला नाही. 1984 साली जपानमधल्या फुजिसावा कंपनीच्या संशोधकांना त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीत एक जिवाणू मिळाला. त्याने तयार केलेलं रसायन प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना शांत करत होतं. टॅक्रोलिमस या नावातला पहिला 'ट' त्सुकुबाचाच. त्यांना हवं होतं ते अवयव प्रत्यारोपणाचं औषध, कारण शरीराने दुसऱ्याचं यकृत किंवा मूत्रपिंड नाकारू नये म्हणून याच पेशी दाबाव्या लागतात. 1989 मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांनी ते यकृताच्या रुग्णांना दिलं आणि 1994 मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली.

आता, इसबात त्वचेखाली धुमाकूळ घालणाऱ्या पेशीही टी-पेशीच. मग हेच औषध वरून का लावू नये? सायक्लोस्पोरिन या आधीच्या प्रत्यारोपणाच्या औषधावर तो प्रयोग झाला होता. पोटात घेतलं तर इसब कमी व्हायचा, चोळून काही उपयोग नाही, कारण त्याचा रेणू मोठा, कातडीतून आत जाईना. टॅक्रोलिमसचा रेणू त्यापेक्षा लहान. सुजलेल्या, फुटलेल्या त्वचेतून तो आत शिरतो आणि त्वचा भरून येऊ लागली की त्याचं शोषण आपोआप कमी होतं. ही गोष्ट मला आजही फार सुंदर वाटते. शिवाय स्टिरॉइडप्रमाणे तो कोलॅजन घटवत नाही, त्यामुळे कातडी पातळ होत नाही. 1999 मध्ये जपानने आणि 2000 च्या अखेरीस अमेरिकेने मलम मंजूर केलं. पाठोपाठ पिमेक्रोलिमसचं क्रीम आलं.

आणि मग 2005-06. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी दोन्हींवर चौकटीतला इशारा छापायला लावला. आधार काय होता? मोठ्या डोसात औषध दिलेल्या प्राण्यांमध्ये दिसलेल्या गाठी, प्रत्यारोपणानंतर वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या रुग्णांमधला कर्करोगाचा वाढलेला धोका, आणि मलम वापरणाऱ्यांमधल्या तुरळक नोंदी. मलमामुळेच कर्करोग झाला असं सिद्ध झालं नव्हतं. पण गोळीची भीती मलमाला चिकटली. मीही तेव्हा दोनेक वर्षं हे मलम लिहायचं टाळलं. त्या काळात माझ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर गरजेपेक्षा जास्त स्टिरॉइड गेलं, हे कबूल करतो.

पुढे टॅक्रोलिमस मलम वापरलेल्या सुमारे 8 हजार मुलांवर कमाल दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 2020 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात कर्करोगाचे 6 रुग्ण आढळले. त्या वयाच्या तितक्याच मुलांमध्ये एरवीही साधारण तेवढेच अपेक्षित असतात. लिम्फोमा एकालाही नव्हता. इशारा मात्र कागदावर राहिला.

नव्या औषधांपैकी क्रिसाबोरोलला (अमेरिकेत 2016) असा इशारा नाही. 2021 च्या रुक्सोलिटिनिब क्रीमला आहे, आणि तोही मुख्यतः त्या गटातल्या गोळ्यांच्या अनुभवावरून.

त्या मुलीचं पुढे काय झालं? आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब तपासून घेतला. ठीक निघाला. मग 0.03 टक्क्यांचं मलम, दिवसातून दोनदा, पातळ थर, कोरड्या त्वचेवर. जळजळ होईल हे या वेळी आधीच सांगितलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी फोन आलाच.

"डॉक्टर, चुरचुरतंय म्हणून रडते हो."

"पाणी किंवा पू दिसतोय का?"

"नाही."

"मग आणखी चार दिवस लावा. ट्यूब लावण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. पू दिसला तर लावू नका, लगेच घेऊन या."

आठवड्याने दोघी आल्या. मुलगी डोळे न चोळता माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत होती.