ज्वारीच्या पानावरील इतिहास

गावाचा इतिहास आपण गढीत, देवळात आणि जुन्या सनदांत शोधतो. ज्वारीच्या कोवळ्या पानावर तो शोधावा असे आपल्या मनातही येत नाही. वस्तुतः सोलापूरकडील काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या जे बी राखले गेले, त्याचा दाखला त्या पानावरच उमटला आहे.

ज्वारी उगवून आठवडा होतो न होतो तोच खोडमाशी पानाच्या खालच्या अंगाला पांढरे, लांबट अंडे घालते. त्यातून निघालेली अळी पोंग्यात उतरून वाढीचा कोंब कुरतडते आणि मधले पान सुकते. यालाच पोंगेमर म्हणतात.

१९६४ साली सी. एस. एच. १ हा ज्वारीचा पहिला भारतीय संकरित वाण प्रसृत झाला. त्याची मातृबाजू अमेरिकेतील. धान्यटंचाईच्या त्या काळात अशा वाणाची निकड होती, हे आपण विसरता कामा नये. परंतु पेरणी लांबली की खोडमाशी त्याच्यावर तुटून पडे. उलट, मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून १९३० नंतरच्या दशकात निवडलेली ‘मालदांडी ३५-१’ त्या मानाने तग धरी. हे कसे?

हैदराबादजवळ १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या संस्थेत हजारो वाणांची रोपे तपासण्यात आली. फिकट हिरव्या, तुकतुकीत पानांचे वाण थोडेच निघाले आणि त्यांतील बहुतेक भारतातील. अशा पानांवर माशी अंडी कमी घालते. तुकतुकी म्हणजे अधिक मेण, असे आपणांस वाटेल. प्रकार नेमका उलटा आहे. साध्या पानावर मेणाचे कण दाट असल्याने पाण्याचा थेंब घरंगळतो. तुकतुकीत पानावर ते कण विरळ, म्हणून पाणी पसरून चिकटते. १९९० नंतरच्या संशोधनात आणखी एक गोष्ट दिसली: प्रतिकारक रोपांचा पोंगा कोरडा असतो आणि कोरड्या पोंग्यात नवजात अळीला खाली उतरणे जड जाते. पानावरील बारीक लवही तिची वाट अडवते.

शेतकऱ्याला मेणाची ही गोष्ट ठाऊक नव्हती. माशीतून जे ताट वाचले त्याचे कणीस खळ्यावर आले, आणि त्यातलेच बी पुढच्या सालासाठी कणगीत गेले. सनदा जळाल्या तरी त्यांच्या नकला कुठे तरी सापडतात. बी एकदा हरवले की त्याची नक्कल मिळत नाही. म्हणून नवे बी घरात आणताना जुने उंबऱ्याबाहेर टाकू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.